पहिल्या दिवशी फक्त सहा



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज एका वेबसाइटबद्दल बोलणार आहे. विषय बदललाय असं वाटेल, पण तसं नाही. ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवण्याला संगणकवाले 'डिप्लॉयमेंट' म्हणतात. हा शब्द मुळात आमचा, फौजेचा. सैन्य तैनात करणं म्हणजे डिप्लॉयमेंट. आणि तैनाती कशी फसते, फसलेली कशी सावरता येते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण अलीकडच्या इतिहासात मला दुसरं सापडलं नाही.

आधी पार्श्वभूमी. मार्च २०१० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी आरोग्यविम्याच्या नव्या कायद्यावर सही केली. तोवर तिथे स्वतःच्या पैशाने विमा घ्यायला गेलेल्या माणसाला, तुला आधीपासून आजार आहे, असं सांगून कंपनी परत पाठवू शकत होती. १ जानेवारी २०१४ पासून हे बंद होणार होतं. ज्यांना नोकरीतून विमा मिळत नव्हता, त्यांनी एका सरकारी वेबसाइटवर यायचं, योजना पाहायच्या, आपल्याला सरकारी मदत किती मिळेल ते तपासायचं आणि विमा घ्यायचा, अशी योजना होती. काही राज्यांनी आपापल्या साइट उभ्या केल्या. उरलेल्या ३६ राज्यांची भिस्त केंद्राच्या एकाच साइटवर होती. तिचं नाव हेल्थकेअर डॉट गव्ह.

१ ऑक्टोबर २०१३ ला ती सुरू झाली. पहिल्या २४ तासांत सुमारे ४७ लाख लोक तिच्यावर येऊन गेले. त्यांपैकी शेवटपर्यंत पोहोचून विम्यासाठी नोंदणी कितींची झाली? सहा जणांची. सहा लाख नव्हे, सहा हजार नव्हे, सहा माणसं. पूर्ण ऑक्टोबर महिन्यात या साइटवरून योजना निवडणाऱ्यांचा आकडा होता २६,७९४.

आता हा आकडा ऐकून हसू येतं. पण पलीकडच्या माणसाचा विचार करा. घरात आजारपण आहे, आयुष्यात पहिल्यांदा विमा मिळायची संधी आहे, जानेवारी जवळ येतोय, आणि पडद्यावर नुसतं 'कृपया थांबा'.

असं का झालं? तीन कारणं सांगतो.

पहिलं कारण, सेनापती नव्हता. साइटच्या कामावर ५५ कंत्राटदार होते. त्यांचे सगळे तुकडे एकत्र जोडण्याची जबाबदारी सरकारी खात्याने स्वतःकडेच ठेवली होती, आणि एवढ्या मोठ्या जोडणीचा त्या खात्याला अनुभव नव्हता. २४ ऑक्टोबरला अमेरिकी संसदेच्या समितीसमोर कंत्राटदारांची साक्ष झाली. प्रत्येकाचा सूर एकच: आमचा भाग ठीक चालतोय. संपूर्ण साइटची या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचणी उद्घाटनाच्या जेमतेम दोन आठवडे आधी सुरू झाली, हेही तिथेच उघड झालं. प्रत्येक पलटण तयार, पण एकत्र सराव झालेला नाही. अशी फौज कुठे पोहोचणार?

दुसरं कारण, दरवाजा एकच. नुसत्या किमती पाहायच्या असल्या तरी आधी खातं उघडायचं, ओळख पटवायची, असा नियम शेवटच्या टप्प्यात झाला. जत्रेतली दुकानं नुसती बघायला आलेल्या माणसालाही वेशीवर कागदपत्रं मागण्यासारखंच हे. सगळी गर्दी वेशीवर तुंबली. मग सरकारने आणखी सर्व्हर लावले. पण मैदान कितीही मोठं केलं तरी वेस अरुंद असेल, तर काय उपयोग?

तिसरं कारण मला सगळ्यांत गंभीर वाटतं. डोळेच नव्हते. साइट या क्षणी किती मंद आहे, किती विनंत्या फुकट जातायत, कुठला भाग बसलाय, हे एका नजरेत दाखवणारा डॅशबोर्ड साइट चालवणाऱ्यांकडे नव्हता. साइट पडली, हे बऱ्याचदा लोकांच्या तक्रारींवरून कळत होतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर बाहेरून थोडी माणसं बोलावली गेली. त्यांतलं एक नाव माइकी डिकरसन. गूगलमध्ये मोठ्या यंत्रणा अखंड चालू ठेवण्याचं काम करणारा हा अभियंता. एकूण सूत्रं जेफ झायंट्स यांच्याकडे आली. २५ ऑक्टोबरला त्यांनी जाहीर केलं की कंत्राटदारांपैकी एकाला प्रमुख नेमलंय आणि नोव्हेंबर संपेपर्यंत साइट बहुसंख्य लोकांसाठी नीट चालेल. म्हणजे एक सेनापती आणि एक तारीख ठरली.

नव्या लोकांनी पहिलं काम केलं ते डोळे बसवण्याचं, म्हणजे मोजमाप सुरू केलं. मग दिसलं की लोक पुन्हा पुन्हा मागतात ती माहितीसुद्धा साइट दर वेळी मूळ डेटाबेसमधून उकरून आणतेय. रोज लागणारं रजिस्टर टेबलावर ठेवायचं सोडून कारकुनाने दर वेळी तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये जावं, तसा प्रकार. ती माहिती हाताशी ठेवली. याला कॅशिंग म्हणतात. पान उघडायला आठ सेकंद लागत होते, ते दोनावर आले.

आणि डिकरसनने बैठकीच्या खोलीसाठी तीन नियम केले. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार त्या तीन नियमांत आहे. पहिला: इथे जमायचं ते प्रश्न सोडवायला, दोष कुणाचा हे ठरवायला दुसऱ्या जागा आहेत. दुसरा: बोलायचं त्याने, ज्याला त्या बिघाडाची सगळ्यांत जास्त माहिती आहे, ज्याचा हुद्दा मोठा त्याने नव्हे. तिसरा: येत्या एक-दोन दिवसांत जे आपल्याला दुखवणार आहे तेवढ्यावरच लक्ष द्यायचं.

दुसरा नियम वाचला तेव्हा मला माझ्या सुरुवातीच्या नोकरीतली एक रात्र आठवली. उंचावरच्या एका चौकीची टेलिफोन लाइन मेली होती. तंबूत आम्ही चार अधिकारी नकाशावर वाकून तर्क लढवत होतो. दाराशी लाइनमन उभा होता, एक लान्स नायक. तासाभराने कुणीतरी त्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, संध्याकाळी नाल्याजवळ दगड घसरले, तार तिथेच तुटली असणार." तिथेच तुटली होती. आधी का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "विचारलं नाहीत, साहेब." ती चूक त्याची नव्हती, आमची होती.

१ डिसेंबरला सरकारने अहवाल दिला. चारशेहून अधिक दुरुस्त्या झाल्या होत्या. पान उघडायला एक सेकंदाहून कमी वेळ लागत होता, चुकांचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं होतं, आणि एका वेळी ५० हजार लोक साइट वापरू शकत होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जी साइट निम्म्याहून कमी वेळ उभी असायची, ती आता नव्वद टक्क्यांहून जास्त वेळ चालू होती. २०१४ च्या एप्रिलमध्ये नोंदणीचा पहिला हंगाम संपला, तेव्हा राज्यांच्या साइट धरून ८० लाख लोकांनी विमा निवडला होता. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने अशा कामांसाठी एक कायमचं पथक उभं केलं आणि डिकरसन त्याचा पहिला प्रमुख झाला.

लक्षात घ्या, साइट मोडून नवी बांधली नाही. बरीचशी यंत्रणा तीच होती, कामाला जुंपलेली माणसंही बरीचशी तीच. बदलली ती काम करण्याची रीत.

आपल्यापैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी हेच काम करत असेल, इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला. रात्री अकराला सर्व्हर सुरू होत नाही आणि फोनवर साहेब ओरडतोय. त्यांना माझा निरोप द्या. आधी लॉग उघडा आणि चुकीची पहिली ओळ शांतपणे वाचा. काल चालत होतं ना, मग कालपासून काय बदललं ते लिहून काढा. त्या पोर्टवर दुसराच कुणी आधीपासून बसलाय का, ते पाहा. ज्या नावाने सर्व्हर चालतो त्या नावाला ती फाइल वाचायची परवानगी आहे का, ते तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं हे कधीच कळणार नाही.

आणि ओरडणाऱ्या साहेबांसाठीही एक निरोप आहे. फोन खाली ठेवण्याआधी दाराशी उभ्या असलेल्या माणसाला विचारा, तुला काय वाटतं?

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.