लाल दिवा चालूच होता

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन, आदली रात्र, तिघांचा गट. जमिनीतला ओलावा पाहून ठिबकचा पंप चालू-बंद करणारा रास्पबेरी पाय ३बी+ हा छोटा संगणक-बोर्ड आणि त्याच्या डोक्यावर बसणारा मोटरचा जोड-बोर्ड, म्हणजे हॅट. प्रसंग कल्पित आहे, पण बोर्ड जातात ते असेच.

रात्री ९:००
हॅट ४० पिनांवर दाबून बसवली. चार स्पेसर आणि त्यांचे अडीच मिलिमीटरचे स्क्रू पुडीतच राहिले. "सारखी काढायची-घालायची आहे, कशाला कसत बसायचं?" स्पेसरचं काम नुसतं आधार देण्याचं नसतं. हॅट एक पिन जरी सरकली, तरी स्क्रूची भोकं जुळत नाहीत आणि चूक जागच्या जागी कळते.

रात्री १०:३०
पंपासाठी हॅटला १२ व्होल्टचा अडॅप्टर जोडला. ही हॅट त्यातूनच ५ व्होल्ट तयार करते आणि पिन २ व ४ मधून खालच्या बोर्डालाही देते. बोर्डाचा स्वतःचा चार्जर लावलेला आहेच. वीज आता दोन वाटांनी येतेय. तिघांच्या डोक्यात मात्र एकच वाट आहे.

रात्री १२:४०
पंप फिरेना. हॅटखालची तार तपासायचं ठरलं. शटडाऊन दिला. बोर्डावरचा हिरवा दिवा दहा वेळा लुकलुकून विझला. मेमरी कार्डावरचं लिहिणं संपलं, एवढाच त्याचा अर्थ.

रात्री १२:४२
चार्जरची केबल उपसली.
"बंद केलंस ना?"
"शटडाऊन मारलाय, केबलपण काढली."
लाल दिवा तसाच. पिनांवर अजून ५ व्होल्ट आहेत, असं तो सांगतोय. दुसरा अडॅप्टर टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डात आहे.

रात्री १२:४५
हॅट हलवत हलवत उपसली. नशीब, निभावलं.

रात्री १२:५२
परत बसवताना हॅट एक ओळ आत सरकली. पिनांच्या दोन ओळींत अंतर २.५४ मिलिमीटर. हॅटचे ५ व्होल्ट आता पिन १ आणि ३ वर आले: पहिली ३.३ व्होल्टची, दुसरी थेट प्रोसेसरची. प्रोसेसरच्या पिनांना ३.३ च्या वर सोसत नाही. ना धूर, ना वास. "नीट बसली नाही रे," म्हणत हॅट काढून सरळ लावली.

रात्री १२:५५
सगळं जोडलं. लाल लागला, हिरवा लागेना. मल्टिमीटर पिन १ वर ३.३ च्या जागी शून्याच्या आसपास दाखवतोय.

रात्री १:१५
शेजारच्या टेबलावरचा मुलगा बघून गेला. "आधी शटडाऊन, मग असतील तेवढे अडॅप्टर काढायचे. लाल विझल्याशिवाय हॅटला हात लावायचा नाही."

सकाळी ९:००
परीक्षक आले. कार्ड शाबूत, प्रोग्रॅम शाबूत. दुसऱ्या बोर्डात कार्ड घातलं असतं तर प्रोग्रॅम चालला असता. बोर्ड मिळणारं दुकान १० वाजता उघडतं.