प्रादेशिक भूकंप-प्रतिसाद नियोजन

मोठ्या भूकंपानंतर शोध, बचाव, उपचार, निवारा आणि पुरवठा ही कामे एकाहून अधिक जिल्ह्यांच्या यंत्रणांनी मिळून कशी करायची, याची आगाऊ मांडणी. चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते, भूकंपाची लागत नाही. शिवाय ज्यांनी धावून जायचे, त्या स्थानिक यंत्रणेचीच कार्यालये, दवाखाने आणि कर्मचाऱ्यांची कुटुंबे पहिल्याच मिनिटात संकटात सापडतात. म्हणून या नियोजनात बाधित जिल्ह्याइतकीच, किंबहुना काकणभर जास्त, जबाबदारी शेजारच्या जिल्ह्यांवर येते. भारतात मात्र आराखडे मुख्यतः जिल्हा हे एकक धरून तयार होतात. ही विसंगती महाराष्ट्रात सर्वांत स्पष्टपणे किल्लारीच्या भूकंपात दिसली. त्या भूकंपाची कागदपत्रे विपुल असल्याने पुढील विवेचन प्रामुख्याने त्यावर आधारले आहे.

किल्लारीचा अनुभव

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमाभागात ६.२ परिमाणाचा उथळ भूकंप झाला. शासकीय नोंदींनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. काही अभ्यासांत हा आकडा दहा हजारांच्या घरात दिला आहे. तेव्हाच्या भूकंपप्रवणता नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. १९६७ च्या भूकंपामुळे राज्याचे लक्ष कोयना खोऱ्याकडे लागले होते. मराठवाड्यात अशी वेळ येईल, हे कोणी गृहीत धरले नव्हते. ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवत होते. त्यांना पूर्वसूचना म्हणावे का, तसेच निम्न तेरणा जलाशयाचा भूकंपाशी संबंध होता का, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

मृत्यूंचे मोठे कारण घरांच्या बांधणीत होते. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि त्यांवर वर्षानुवर्षे चढवलेला मातीचा थर असलेले माळवद, हे तिथल्या घराचे नेहमीचे रूप. हादऱ्याने भिंत आतून-बाहेरून सुटते आणि छताची माती झोपलेल्या माणसांवर कोसळते. काँक्रीटचा स्लॅब पडला तर कोपऱ्यात पोकळी राहण्याची शक्यता असते. माळवदाची माती मात्र सगळ्या फटी भरून काढते आणि माणूस गुदमरतो. अशा गावात सुटकेची मुदत फार थोडी असते, आणि तिथे काँक्रीट कापणाऱ्या यंत्रांपेक्षा फावडे, पहार, घमेले आणि पुष्कळ हात उपयोगी पडतात. हे हात पहिल्या काही तासांत येऊ शकतील, इतक्या जवळ असावे लागतात. सज्ज पथके दूरच्या शहरात ठेवून ही गरज भागत नाही.

प्रशासकीय सीमांचा प्रश्न इथेच उभा राहतो. औसा तालुक्यातील किल्लारी एका जिल्ह्यात, तर तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर दुसऱ्या जिल्ह्यात. लातूर जिल्ह्यात त्या वेळी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. जवळची महाविद्यालये अंबाजोगाई आणि सोलापूर येथे, म्हणजे आणखी दोन जिल्ह्यांत होती. त्यांपैकी सोलापूर तर वेगळ्या महसूल विभागात मोडते. कर्नाटकाची हद्दही दूर नाही. लातूरला पोचणारी रेल्वे अरुंद मापाची होती, त्यामुळे पुरवठ्याचा भार रस्त्यांवर पडला. भूकंपाने एकाच वेळी दोन जिल्ह्यांना ग्रासले आणि मदतीचे मार्ग चार-पाच जिल्ह्यांतून गेले. कोणत्याही एका जिल्हाधिकाऱ्याच्या कपाटातील आराखडा, तो कितीही चांगला असता तरी, या परिस्थितीला पुरा पडला नसता.

लष्कर, पोलीस, शासकीय कर्मचारी आणि राज्यभरातून आलेले स्वयंसेवक यांनी केलेले काम मोठे होते. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही पाऊस, बघ्यांची गर्दी, अरुंद रस्त्यांवर अडकलेली वाहने आणि गरजेशी मेळ नसलेले मदतसाहित्य यांमुळे कामात अडथळे आले. कोणत्या रस्त्याने फक्त रुग्णवाहिका जातील, साहित्य कोणत्या तालुक्याच्या ठिकाणी उतरवून मगच गावोगाव पाठवायचे, हे आधी ठरलेले नसले की सद्भावनेचीही कोंडी होते.

पहिल्या आठवड्यातले निर्णय दूरवर परिणाम करतात, हेही किल्लारीने दाखवले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते १९९८ या काळात राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. अनेक गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली. याखेरीज तेरा जिल्ह्यांत मिळून दोन लाखांच्या आसपास घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात घरमालकांनाच काम सोपवले गेले आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावातील महिलांना संवाद सहायक म्हणून जोडून घेण्यात आले. गावे हलवणे योग्य होते का, यावर वाद आहे. इतके मात्र म्हणता येते की स्थलांतराचा निर्णय दुःखाच्या भरात, पर्यायांची तुलना न होता झाला. तातडीचा निवारा आणि कायमचे पुनर्वसन यांच्यात किती अवधी ठेवायचा, हेही प्रतिसाद-नियोजनाचेच कलम असायला हवे.

पशुधन

जिल्हा आराखड्यांत या विषयाला बहुधा एखादी ओळ मिळते.

नियोजनाचा गाभा

प्रादेशिक आराखड्याचे मुख्य तत्त्व एकच : मागणीची वाट पाहायची नाही. ज्या जिल्ह्याची यंत्रणा कोलमडली आहे, तो मागणी नोंदवण्याच्याही स्थितीत नसतो. सर्वाधिक हानी झालेल्या गावांतून येणारी माहिती सर्वांत उशिरा येते. म्हणून ठरावीक तीव्रतेचा धक्का नोंदला गेला की कोणत्या शेजारी तालुक्याने कोणत्या तालुक्याकडे निघायचे, ही जोडी आधीच ठरलेली असावी. चीनमध्ये २००८ च्या वेनचुआन भूकंपानंतर पुनर्बांधणीसाठी एकेका प्रांताला एकेक बाधित परगणा जोडून दिला होता. हीच रीत बचावाच्या टप्प्यासाठी आणि भूकंपाच्या आधी वापरण्यास तत्त्वतः अडचण नाही.

रुग्णांची वाटणीही अशीच आधी ठरवावी लागते. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास चिरडलेला पाय मोकळा केला की स्नायूंतील घातक द्रव्ये एकदम रक्तात येतात. सुटका झालेला, बोलणारा माणूसही मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू शकतो. म्हणून तुळई उचलण्याआधी शिरेतून सलाइन सुरू करावे लागते आणि पुढे डायलिसिसची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते. असे रुग्ण एकाच जवळच्या दवाखान्यात लोटले तर तो दवाखाना काही तासांत निरुपयोगी होतो. २००१ च्या भुज भूकंपात तर तेथील शासकीय रुग्णालयच कोसळले होते. तेव्हा कोणत्या प्रकारचा रुग्ण कोणत्या जिल्ह्यात, याची यादी आराखड्यात हवी.

आक्षेप

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, बहुतेक जखमींना आजूबाजूचे लोकच बाहेर काढतात; मग प्रादेशिक यंत्रणा कशाला? वस्तुस्थिती खरी आहे, पण निष्कर्ष अपुरा आहे. गावकरी माणूस बाहेर काढतात. त्याला शस्त्रक्रियागृहापर्यंत नेणे त्यांच्या हातात नसते. दुसरा आक्षेप, शेजारच्या जिल्ह्याने माणसे पाठवली आणि पाठोपाठचा धक्का तिथेच बसला तर? यासाठी लगतच्या जिल्ह्यांनी आपल्या बळाचा ठरावीक भागच पाठवावा आणि त्यांची पोकळी पलीकडच्या जिल्ह्यांनी भरावी, अशी दोन कड्यांची रचना करता येते. तिसरा आक्षेप अधिकाराचा : दोन जिल्ह्यांचे अधिकारी एकाच ठिकाणी आले की हुकूम कोणाचा? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या घटना प्रतिसाद प्रणालीत पदे आणि जबाबदाऱ्या आधीच नेमण्याची तरतूद आहे. तिला धरून बाहेरून आलेल्या पथकांनी बाधित जिल्ह्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करावे आणि तोच बाधित असेल तर त्याचा पर्यायी अधिकारी शेजारच्या जिल्ह्यातून आधीच नेमलेला असावा. आक्षेपांमुळे आराखडा अधिक काटेकोर करावा लागतो. तो अनावश्यक ठरत नाही.

कायदेशीर चौकट

किल्लारीनंतर राज्यात बहुआपत्ती आराखडे तयार झाले, आणि भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत लातूर परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशी तीन प्राधिकरणे स्थापन झाली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे. तिथून किल्लारी सुमारे साडेतीनशे किलोमीटर पडते. २०२५ च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी नागरी प्राधिकरणाची भर पडली. महसूल विभाग किंवा जिल्हासमूह या पातळीवर मात्र कायद्याने कोणतेही प्राधिकरण नाही. राज्य प्राधिकरणाने जिल्ह्यांच्या जोड्या लेखी ठरवून, त्यांची दरवर्षी एकत्र रंगीत तालीम घेतली, तर ही उणीव कायदा न बदलताही बरीचशी भरून निघेल. तोवर प्रादेशिक समन्वय अधिकाऱ्यांच्या परस्पर ओळखीवरच अवलंबून राहील.