'या गावातून' गेले ते कोण? महायुद्धाचा दगड आणि आमची माणसे

सातारा जिल्ह्यातले अपशिंगे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. अपशिंग्याचे नाव गाजले, पण महाराष्ट्रातल्या इतरही अनेक गावांत चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत असा लहानसा दगड सापडतो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यावरचा मजकूर. आकडा आहे, नावे नाहीत.

मित्रहो, आमचा प्रश्न 'या गावातून' या दोन शब्दांना आहे. कोणते गाव? ज्याच्या विहिरीवर आमच्या आजोबा-पणजोबांना पाणी भरता येत नव्हते ते गाव? मेलेल्यांचा आकडा मोजताना महारवाडा गावात धरायचा आणि पाणवठ्यावर तोच गावाबाहेर ठेवायचा, हा कुठला न्याय? दगडावर नावे असती तर कोणत्या वाड्याची किती पोरे गेली हे आज वाचता आले असते. नुसत्या आकड्याने ते झाकले गेले.

नावाची किंमत काय असते हे भीमा कोरेगावने दाखवले. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर मृतांची नावे कोरली गेली. त्यांत 'नाक' शेवटी असलेली २२ महार सैनिकांची नावे आहेत. ती होती म्हणून हा इतिहास कुणाला पुसता आला नाही. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडाला आपल्या चळवळीत जागा मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हेही विसरू नये.

काहीजण म्हणतील, इंग्रजांसाठी मेलेल्यांचे एवढे काय? इंग्रजांचे उपकार आम्ही मानत नाही. कोरेगाव जिंकून देणाऱ्या जातीलाच त्यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'लढाऊ जात नाही' म्हणून सैन्यभरतीतून वगळले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये त्याविरुद्ध अर्ज केले. दाद लागली नाही. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये '१११ वी महार' पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ पर्यंत मोडीतही निघाली. पुढे १९४१ मध्ये, दुसरे महायुद्ध पेटल्यावर, महार रेजिमेंट उभी राहिली. युद्ध आले की आठवायचे, संपले की विसरायचे, असा हा व्यवहार.

तरीही पलटणीने आमच्या माणसांना पगार, पेन्शन आणि अक्षरओळख दिली. सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. त्या शाळेतून आलेली शिक्षणाची ओढ त्यांच्या घरात कुठवर पोहोचली, ते जग जाणते.

नावे गाळण्याचा प्रकार फक्त गावातला नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार संख्याच आली. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने स्वतःच्या अहवालात अशा भेदभावाची कबुली देऊन माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, साम्राज्याचा वारसदार चूक मान्य करतो. आमची गावे कधी करणार?

कार्यकर्त्यांनी आता हे काम हाती घ्यावे. आपल्या गावात असा दगड असेल तर त्याचा फोटो काढा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. घरातल्या पेट्यांत जुनी पदके, पेन्शनचे कागद आहेत का पाहा. त्या आयोगाच्या नोंदी नावाने शोधता येतात. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही मिळतो. जमलेली यादी ग्रामपंचायतीपुढे ठेवा आणि दगडाशेजारी नावांची पाटी मागा. त्या पाटीवर सगळ्या जातींच्या मृतांची नावे यावीत, आमचीही यावीत. मरताना जे गावचे होते, ते पाटीवरही गावचेच राहिले पाहिजेत.

जय भीम!