सदेली पेट्यांच्या कडपट्ट्या : शहागंज येथील एका पेटीच्या निमित्तानें

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथील शहागंज पेठेंत एका संग्राहकांकडे जुने कागद ठेवलेली एक सदेली पेटी आम्हांस पाहावयास मिळाली. कागदांचा विचार निराळा. येथें पेटीच्या कडांविषयींच लिहावयाचें आहे.

आबनूस, चंदन, पतंग, हस्तिदंत, हिरवें रंगविलेलें सांबरशिंग व कथील यांच्या बारीक काड्या सरसानें जोडून जुडगा करावयाचा, तो आडवा चिरावयाचा, आणि निघालेल्या पातळ चकत्या पेटीच्या लाकडावर चिकटवावयाच्या, अशी सदेलीची कृति आहे. ही कला शिराजहून सिंधमार्गें सुरतेस व मुंबईस आली, अशी परंपरा सांगतात. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांत मुंबईचें हें काम मांडलें होतें, व बर्डवुडनें आपल्या १८८० च्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें आहे.

नक्षी सर्वजण पाहतात, कड कोणी पाहात नाहीं. वस्तुतः कारागिराची परीक्षा तेथेंच होते. चकत्या संपतात तेथें त्यांची कोर उघडी राहते, व हाताचा आणि दमट हवेचा पहिला आघात तीवरच होतो. म्हणून तेथें हस्तिदंताची वा आबनुसाची अखंड पट्टी बसवीत. गुजरातींत अशा किनारीस ‘हांसियो’ म्हणतात. पोथीच्या समासाचा जो ‘हाशिया’, तोच हा शब्द. पोथ्या हाताळणारांस याहून अधिक सांगणें नको.

पट्टी कडेपेक्षां किंचित् रुंद घ्यावी, सरस ऊन असतांनाच दाबून बांधावी, आणि वाळल्यावर जादा भाग कानशीनें आंतल्या दिशेनें घांसून सपाट करावा. कानस बाहेर ओढल्यास पट्टी उचलते किंवा तिची कपची उडते. कोपऱ्यांत दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत छाटून मिळवाव्या.

शहागंजच्या पेटीच्या तीन कडांस हस्तिदंत आहे. एके ठिकाणीं पट्टी सुटली असून तिच्या पाठीवर करवतीचे चरे स्पष्ट दिसतात, जाडीही कमीजास्त आहे. चौथ्या कडेस लाकडाचा पापुद्रा आहे. तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, सर्वत्र सारखा व चरे नसलेला, म्हणजे यंत्राच्या पात्यानें काढलेला आहे. ती कड मागाहूनची, हें उघड आहे. दुरुस्ती करणारानें पापुद्रा सपाट करतांना शेजारची नक्षीही घांसली. तेथील कथील जवळजवळ नाहींसें झालें आहे.

पेटी एकसारखी दिसावी म्हणून चारही पट्ट्या बदलण्याचा मालकांचा विचार होता. आम्हीं त्यास स्पष्ट विरोध केला. तीन कडा गेल्या तर पेटीचा काळ ठरविण्याचें साधनच जाईल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमांत १९८६ व १९९१ सालीं दुरुस्त्या होऊन हस्तिदंताचा व्यापार बंद झालेला आहे. नवा तुकडा आणणें हा गुन्हाच. सुटलेली पट्टी सरसानेंच परत बसवावी, कारण सरस ऊब व ओलावा देऊन पुन्हां सोडवितां येतो. आजच्या कृत्रिम गोंदांपैकीं बहुतेकांस ही सोय नाहीं. चौथी कड आहे तशीच राहूं द्यावी.

मालकांनीं तें मान्य केलें. सुटलेली पट्टी तूर्त कागदाच्या पुडींत, पेटींतच ठेविली आहे.