पाव मिलिमीटरचा हिशेब

हेडलाइटचा आराखडा करणाऱ्या कचेरीत साधारणपणे दोन टेबले असतात. एकावर झोत कुठे पडावा हे ठरते, दुसऱ्यावर दिवा गार कसा ठेवायचा हे. पहिल्याने आकार ठरवायचा आणि दुसऱ्याने उरलेल्या जागेत उष्णतेची सोय लावायची, असा रिवाज हॅलोजनच्या काळात खपून गेला. एलईडीच्या दिव्यात तो चालत नाही, कारण तिथे झोत आणि उष्णता यांचा हिशेब एकाच मापात होतो. ते माप आहे पाव मिलिमीटर.

डिपरचा झोत कसा असावा ते आधी पाहू. त्याने रस्ता उजळायचा, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जायचे नाही. म्हणून झोताच्या वरच्या कडेला उजेड आणि अंधार यांची स्पष्ट रेघ ठेवतात; तिला कटऑफ म्हणतात. ही रेघ दर १० मीटर अंतराला साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे १ टक्का, खाली उतरत जाते. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून डाव्या कडेला ती १५ अंशांनी वर चढवतात. कडेने चालणारा माणूस आणि मैलाचा दगड त्या चढत्या रेघेखाली येतात. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी घडवलेला दिवा इथे लावला, तर तोच चढ समोरच्याच्या तोंडावर जातो.

आता २५ मिलिमीटर नाभीय अंतराचा अन्वस्त परावर्तक घ्या. प्रकाशाचा स्रोत नाभीपासून ०.२५ मिलिमीटर खाली सरकला, तर झोत ०.२५ भागिले २५, म्हणजे शंभरात एक, इतका वर उचलला जातो. कटऑफला दिलेला उतार नेमका तेवढाच होता. तो सगळा संपला, रेघ आडवी झाली. एखाद्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढ्या फरकात सभ्य दिव्याचा उपद्रवी दिवा होतो.

हॅलोजनमध्ये हे इतके जाणवत नसे. त्याची फिलामेंट पाचएक मिलिमीटर लांब. तिच्या प्रतिमा मुळातच पसरट. त्याच परावर्तकात एवढ्या लांबीचा पसारा साधारण ११ अंशांचा होतो, आणि स्रोताची थोडी चूक त्यात विरून जाते. एलईडीची चिप सुमारे एक मिलिमीटर बाजूची, तिचा पसारा सव्वादोन अंशांच्या आसपास. झोत हवा तसा कापता येतो तो यामुळेच, आणि चूक लपत नाही तीही यामुळेच. शिवाय आरसा किंवा भिंग प्रकाशाची फक्त वाटणी करते. स्रोताच्या तेजस्वितेत भर घालत नाही. दूरचा रस्ता उजळायचा तर चिपच तेजस्वी हवी, म्हणजे इवल्याशा जागेत जास्त वीज आणि जास्त उष्णता.

उष्णतेची गोष्टही उलटी झाली आहे. हॅलोजनला तापणे आवश्यकच असते. काच पुरेशी तापल्याशिवाय आतले हॅलोजनचे चक्र चालत नाही, आणि बरीच उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने समोरून निघून जाते. एलईडीच्या झोतात उष्णता जवळजवळ नसते. ती चिपच्या पाठीमागे साचते आणि वहनानेच बाहेर काढावी लागते. समजा, २० वॉटच्या एलईडीत १४ वॉटची उष्णता होते. चिपपासून पाटीपर्यंतचा औष्णिक रोध दर वॉटला २ अंश, मधल्या पेस्टचा अर्धा, हीट सिंकपासून हवेपर्यंतचा ३, एकूण साडेपाच. म्हणजे चिप भोवतालच्या हवेपेक्षा ७७ अंशांनी तापेल. हवा ५० अंशांवर असेल तर चिप १२७ वर. इंजिनाशेजारची हवा ८० वर गेली तर १५७, आणि बहुतेक चिपांची मर्यादा १२५ ते १५० अंशांची. हा हिशेब २५ अंशांच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत करून मे महिन्यातल्या नागपुरात दिवा पाठवणे म्हणजे ग्राहकाच्या पैशांनी चाचणी घेणे.

चिप वाचली तरी झोत वाचतोच असे नाही. पॉलिकार्बोनेटची ५० मिलिमीटर उंचीची कमान ७० अंशांनी तापली की सुमारे ०.२५ मिलिमीटरने वाढते. ॲल्युमिनियमचा तेवढाच तुकडा जेमतेम ०.०८ मिलिमीटरने. एलईडी धातूच्या आधारावर, परावर्तक प्लास्टिकच्या कमानीवर, आणि दोघे एकमेकांपासून लांब पकडलेले, अशी रचना असेल तर गार दिव्यात अचूक लावलेली रेघ अर्ध्या तासात जागा सोडते. उपाय खर्चाचा आहे, पण सरळ आहे: एलईडीची पाटी आणि परावर्तक एकाच धातूच्या अंगावर बसवावेत, त्यांच्या जागा ठरवणाऱ्या खुंट्या स्रोताच्या अगदी जवळ घ्याव्यात, आणि जे काही वाढायचे ते झोताच्या अक्षाच्या दिशेने वाढू द्यावे, वर-खाली नको.

प्रोजेक्टर इथे अधिक समंजस ठरतो. त्यात कटऑफ एका पत्र्याच्या कडेने घडतो आणि भिंग त्या कडेची उलटी प्रतिमा रस्त्यावर टाकते. स्रोत किंचित हलला तर उजेड कमी होतो, रेघ हलत नाही. भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल तर पत्र्याला अर्ध्या मिलिमीटरची मुभा मिळते. खोड एकच: दुपारी उभ्या गाडीत हेच भिंग सूर्य आत एकवटते आणि आजूबाजूचे प्लास्टिक जाळते.

थंडाव्याच्या बाबतीत सर्वांत नेहमीची चूक म्हणजे हीट सिंक बंद डब्यात कोंडणे. डब्याचे प्लास्टिक उष्णता जवळपास वाहूच देत नाही. हीट सिंक आतलीच हवा तापवत बसतो. तो पाठीमागून बाहेर काढावा, पाती उभी ठेवावीत, म्हणजे गरम हवा आपोआप वर सरकते. काळे ॲनोडायझिंग दिखाऊ नसते. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता फार कमी उत्सर्जित करते, ॲनोडाइज केलेले कितीतरी जास्त. पंख्यावर मात्र माझा भरवसा नाही. धुळीने तो अडतो, आणि अडला की दिवा विझतो. दुचाकीत तर जागाच नसते, आणि १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. भर दुपारी सिग्नलला वाऱ्याविना उभी स्कूटर हीच त्या दिव्याची खरी परीक्षा आहे. तापमान वाढल्यावर विद्युतप्रवाह कमी करणारी मंडले चांगली, पण अपुऱ्या हीट सिंकवर ती मलमपट्टी होऊ नयेत.

पुढची काच गार राहते याचीही किंमत आहे: कोकणच्या पावसाळ्यात तिच्या आतून दव धरते, म्हणून डब्याला हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पटलाची झडप लागते.

जुन्या हॅलोजनच्या जागी बसवायचे जे एलईडी बल्ब बाजारात मिळतात, त्यांत हा सगळा पेच एकाच पट्टीत दिसतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिपा. पट्टी जाड केली तर उष्णता नीट वाहते, पण दोन चिपा एकमेकींपासून दुरावतात आणि फिलामेंटची जागा चुकते. पातळ केली तर जागा जमते, चिप तापते. मी असा एक बल्ब हौसेने बसवला होता. समोरून येणारे सगळेच अप्पर-डिपर करून मला सुनावत होते, आणि मी तिसऱ्या दिवशी तो काढला. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या दिव्याबद्दल शंका असेल तर सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, डिपर लावा आणि कटऑफची रेघ खडूने आखा. ती दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली असायला हवी. इंजिन चालू ठेवून अर्ध्या तासाने परत या, आणि रेघ खडूवरच आहे का ते बघा.