बैठकीपासून मतपेटीपर्यंत



आपल्या जुन्या पिढीच्या तोंडी पांढऱ्या दाणेदार साखरेला ‘मोरस’ असा एक शब्द होता. गुळाच्या प्रदेशात, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडे, गूळ हा घरचा आणि मोरस साखर ही परमुलखाची, अशी वाटणी त्या शब्दातच होऊन गेलेली असे. हा शब्द मॉरिशस या बेटाच्या नावावरून आला. मादागास्करच्या पूर्वेस हिंदी महासागरात असलेल्या त्या बेटावर ज्या हातांनी हा ऊस तोडला त्यांत मराठी हातही पुष्कळ होते, ही गोष्ट मात्र तो शब्द वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या हातांविषयी, आणि त्याहून अधिक त्या माणसांच्या मतांविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. सामान्य माणसाला आपल्या गावातील घडामोडींविषयी मत असतेच. परंतु त्या मताला किंमत केव्हा येते, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न समजून घेण्यास आजऱ्यासारखे ठिकाण चांगले. हिरण्यकेशीच्या काठचे हे गाव, घनसाळ तांदळाच्या सुवासासाठी प्रसिद्ध असलेले. इंग्रजी अमदानीत ते इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीत मोडत असे. जहागिरीच्या वर कोल्हापूर दरबार आणि दरबाराच्या वर इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, अशी सत्तेची तीन मजली इमारत आजऱ्याच्या कुणब्याच्या डोक्यावर उभी होती. म्हणून त्याला मत नव्हते असे मात्र नाही. सारा जड झाला, पाऊस लांबला, कारभाऱ्याने पक्षपात केला, तर देवळाच्या पारावर, चावडीपुढे आणि बाजाराच्या दिवशी त्याची चर्चा होतच असे. परंतु ही चर्चा पारावर उठे आणि पारावरच विरे. फार झाले तर एखादी अर्जी लिहिली जाई. ती ऐकणे न ऐकणे सर्वस्वी वरच्यांच्या मर्जीवर असे. मत होते, पण त्याला दाद मागण्याचा हक्क नव्हता.

आजऱ्याहून निघालेला रस्ता आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीस जातो. त्या घाटाखालच्या मुलखातून, म्हणजे सावंतवाडी व रत्नागिरीच्या पट्ट्यातून, एकोणिसाव्या शतकात अनेक कुटुंबे मुंबई बंदरावर आली आणि तेथून मॉरिशसच्या जहाजात चढली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी त्या बेटावर गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते आणि त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुई बंदरात उतरले होते. तो या प्रवाहाचा आरंभ. मजुरांच्या हालांचा बोभाटा झाल्याने १८३९ मध्ये ही निर्यात थांबविण्यात आली. परंतु १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबर मुंबईचे बंदरही त्यासाठी खुले झाले. पुढील सत्तर वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश मायदेशी परतले. बाकीचे तेथेच राहिले. ज्या धक्क्यावर ते उतरत त्याला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात आणि २००६ पासून त्याची गणना जागतिक वारशात होते.

कराराची भाषा गोड होती. महिना पाच रुपये, शिधा व राहावयास जागा. परंतु त्या करारातील कलमांना कामावर एक निराळाच अर्थ येई. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापावयाची, या पद्धतीला ‘दुहेरी काट’ असे नाव होते. आजारी मनुष्यही या कात्रीतून सुटत नसे. करार संपून जो मोकळा झाला त्याचीही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने अशा जुन्या मजुराने स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगावा असे ठरले. परवाना घरी राहिला, हरवला, अथवा तो दुसऱ्या जिल्ह्यात सापडला, तर पोलीस त्याला भटक्या ठरवून तुरुंगात टाकीत. ज्याने पाच वर्षे कराराप्रमाणे राबून आपला शब्द पाळला, त्याच्याशीच हे वर्तन!

अशा स्थितीत मळ्यावरील चाळींत काय बोलणे होत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. प्रश्न होता तो हे बोलणे चाळीच्या बाहेर कसे न्यावयाचे हा. १८७१ मध्ये ती वाट सापडली. आदोल्फ द प्लेव्हित्झ हा एका मळ्याचा कारभार पाहणारा यूरोपीय गृहस्थ. मजुरांची गाऱ्हाणी त्याने मनावर घेतली आणि एक अर्ज तयार केला. त्या अर्जावर ९,४०१ जुन्या मजुरांची नावे होती. तो गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्याकडे गेला. मळेवाले इतके खवळले की प्लेव्हित्झला बेटाबाहेर घालवावे अशी मागणी त्यांनी केली. भर रस्त्यात त्याला मारहाणही झाली. गव्हर्नरांनी हद्दपारीची मागणी मानली नाही. १८७२ मध्ये चौकशीसाठी राजकीय आयोग आला. त्याचे दोन सभासद होते, विल्यम फ्रियर आणि व्हिक्टर विल्यमसन. पैकी फ्रियर हे पूर्वी मुंबई इलाख्यात अधिकारपदावर होते. आयोगाचा अहवाल १८७५ मध्ये बाहेर आला आणि १८७८ चा मजुरांचा नवा कायदा त्यातूनच निघाला.

या घटनेचे महत्त्व कायद्यापुरते नाही. पारावरचे बोलणे आणि नावानिशी केलेला अर्ज यांत जे अंतर आहे, ते त्या साडेनऊ हजार माणसांनी ओलांडले. बोलणारा मनुष्य नामानिराळा राहू शकतो. नाव देणारा राहू शकत नाही. ज्याच्या खिशातील परवाना कोणत्याही शिपायाला हिसकावता येत होता, त्याने आपले नाव सरकारदरबारी तक्रारीखाली घालावे, हे धाडस सामान्य नव्हे.

पुढे मळेवाल्यांनी आपल्या जमिनींचे तुकडे पाडून विकावयास काढले. काटकसरीने साठविलेल्या पैशांतून भारतीयांनी ते घेतले आणि मळ्यांवरील चाळींच्या जागी खेडी उभी राहू लागली. या खेड्यांत जी संस्था जन्मली तिचे नाव आपल्याला सहज कळेल असे आहे. ते नाव ‘बैठका’. गवताने शाकारलेली एखादी झोपडी, दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे, एका बाजूला मुलांना अक्षरओळख, दुसऱ्या बाजूला पोथी, आणि पोथी मिटल्यावर गावच्या गोष्टी. कोणाची मजुरी बुडाली, कोणाचे भांडण मिटवावयाचे, कोणाच्या मुलीच्या लग्नाला काय कमी पडते, याचा विचार तेथेच होई. मराठी माणसे या बेटावर संख्येने थोडी. आज शंभरांत जेमतेम दोन. नोंदणी करणाऱ्या कारकुनाने पूर्वजांची साधी नावेच आडनावे म्हणून लिहून टाकली आणि त्यांचे हिज्जे परके झाले. घरातील बोली हळूहळू फ्रेंच वळणाची क्रिओल झाली. तरीही गणपती घरोघर बसत राहिला, कोकणातील जाखडी ‘झाकरी’ या नावाने नाचली जात राहिली. आणि आज गणेशचतुर्थी हा त्या देशात सार्वजनिक सुटीचा दिवस आहे.

परंतु बैठकीतले मत राज्यकारभारापर्यंत पोचण्यास अजून पुष्कळ अवकाश होता. १८८५ च्या घटनेने काही प्रतिनिधी निवडण्याची सोय केली खरी, पण मताधिकार मालमत्तेवर व उत्पन्नावर अवलंबून ठेवला. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजींचा मुक्काम जवळजवळ तीन आठवडे या बेटावर पडला. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक कामात भाग घ्या, असा त्यांचा उपदेश होता. १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले. न्यायालयांत मजुरांची वकिली करू लागले आणि १९०९ मध्ये त्यांनी ‘हिंदुस्थानी’ हे पत्र काढले. बैठकीत तोंडोतोंडी फिरणाऱ्या गाऱ्हाण्यांना आता छापील अक्षरांचे रूप मिळाले. त्याच वर्षी आलेल्या आयोगापुढे मणिलालांनी साक्ष दिली आणि त्यानंतर लवकरच नव्या मजुरांची भरती थांबली. तथापि भारतीय वंशाचे पहिले दोन प्रतिनिधी निवडून येण्यास १९२६ साल उजाडावे लागले.

छापील शब्दालाही जेथे दाद मिळत नाही तेथे लोक रस्त्यावर येतात. १९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापिला. १९३७ मध्ये उसाच्या भावावरून व मजुरीवरून असंतोष पेटला. युनियन फ्लाक येथे गोळीबार होऊन माणसे मेली. १९४३ च्या सप्टेंबरात बेल व्ह्यू हारेल येथे संप करणाऱ्या मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चौघे बळी पडले आणि त्यांत अंजलाय कुपेन ही गर्भवती स्त्री होती. बेटावर आज तिचे नाव आदराने घेतले जाते.

यानंतर जे घडले ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मनोहर प्रकरण वाटते. १९४७ च्या नव्या घटनेने मालमत्तेची अट काढली आणि अक्षरओळखीची घातली. बेटावर चालणाऱ्या मान्य भाषांपैकी एकीत ज्याला थोडे लिहिता-वाचता येईल त्याला, आणि स्त्रियांनाही, मत मिळणार होते. पंडित वासुदेव विष्णुदयाल यांच्या जनआंदोलनाचे स्वयंसेवक गावोगाव हिंडले आणि प्रौढ माणसांना अक्षरे शिकवू लागले. ज्या झोपडीत पोथी वाचली जाई तेथेच उसाच्या पात्याने चिरलेली बोटे स्वतःचे नाव गिरवू लागली. मतदारांची संख्या बारा हजारांच्या आतबाहेर होती, ती सत्तर हजारांच्या पुढे गेली. ऑगस्ट १९४८ च्या निवडणुकीत १९ जागांपैकी ११ जागी भारतीय वंशाचे उमेदवार निवडून आले. १८७१ मध्ये अर्जाखाली आलेले नाव सत्त्याहत्तर वर्षांनी मतदारयादीत आले.

आता पुन्हा आजऱ्याकडे वळू. १९३९ मध्ये कोल्हापूर संस्थानात माधवराव बागल यांच्या पुढाकाराने प्रजापरिषद उभी राहिली आणि दरबाराकडे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करू लागली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर १९५२ च्या आरंभी जी सार्वत्रिक निवडणूक झाली तीत आजऱ्याच्या शेतकऱ्याने, शेतमजुराने आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांनी मत दिले. तुला लिहिता येते का, असे त्यांना कोणी विचारले नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर खूण, आणि ती खूण ओळखणे एवढेच पुरेसे होते. मॉरिशसमध्ये ही अट जाऊन सर्व प्रौढांना मत मिळावयास १९५९ साल यावे लागले. म्हणजे घाटाखालून परदेशी गेलेल्यांना जे अक्षर गिरवून मिळवावे लागले, ते घाटावर राहिलेल्यांना अक्षराशिवाय मिळाले. आपल्या घटनाकारांनी निरक्षराच्या मतावर जो विश्वास टाकला त्याचे मोल या तुलनेने अधिक स्पष्ट होते. निरक्षर मनुष्य अडाणी असतोच असे नाही; आपल्यावर काय बेतले आहे हे त्याला वाचणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

लोकमत म्हणजे केवळ सद्गुणांची खाण, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या पारावर कोणी बसावे आणि कोणी दूर उभे राहावे, हे जात ठरवीत असे. स्त्रियांचे मत घराच्या उंबऱ्याशी थांबे. मॉरिशसमध्येही निराळी दुखणी होती. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडी जिंकली, तरी शंभरांपैकी सुमारे चव्वेचाळीस मते विरुद्ध पडली. बहुसंख्यांच्या राज्यात आपले काय होईल ही धास्ती त्यांमागे होती. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगे झाले, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ मार्च रोजी, देश स्वतंत्र झाला. प्रत्येक समाज आपापल्याच बैठकीत बसून बोलू लागला की मताची धार शेजाऱ्यावर चालते. तेथील मराठी मंडळींना हे संकट फारसे परवडणारेच नव्हते. शंभरांत दोन असलेल्या समाजाला आपले म्हणणे नेहमीच दुसऱ्यांना पटवून द्यावे लागते, दुसऱ्यांच्या भाषेत बोलावे लागते. त्यांनी आपला गणपती राखला आणि शेजाऱ्याशी क्रिओलमध्ये बोलणेही राखले.

आजऱ्याच्या बाजारात, चहाच्या दुकानात, मुंबईकर नातलग सुटीला आले असता ओसरीवर आजही मते मांडली जातात. धरणाचे पाणी कोणाला, रस्ता का खचला, शाळेत शिक्षक का नाही, यांवर प्रत्येकाचे म्हणणे तयार असते. फरक इतकाच की आज ग्रामसभा नावाची जागा आहे आणि तेथे बोललेले ठरावाच्या वहीत उतरते. त्या वहीत आपले म्हणणे लिहिले जावे, खाली आपली सही असावी, एवढ्यासाठी सभा संपेपर्यंत बसून राहण्याचा कंटाळा मात्र पुष्कळांना येतो. ९,४०१ मजुरांनी याच गोष्टीसाठी तुरुंगाची भीती पत्करली होती. पुढच्या ग्रामसभेच्या दिवशी हा आकडा ज्याला आठवेल, त्याने कृपा करून शेजाऱ्यालाही बरोबर घेऊन जावे.