शासकीय ललित कला महाविद्यालय, चेन्नई : शिल्पपरंपरा

भारतातील सर्वांत जुन्या कलाशिक्षणसंस्थांपैकी एक. अलेक्झांडर हंटर या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १८५० मध्ये मद्रास येथे खाजगी रीत्या सुरू केलेली ही शाळा मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेहून (१८५७) सात वर्षांनी जुनी असून, पुढे ती सरकारने ताब्यात घेतली. आरंभी तिचा भर कारागिरीच्या शिक्षणावर होता. ई. बी. हॅवेल हे १८८४ पासून काही वर्षे येथे अधीक्षक होते.

संस्थेचे शिल्पकलेतील खरे महत्त्व देवीप्रसाद रायचौधुरी (१८९९–१९७५) यांच्यापासून सुरू होते. हे बंगाली शिल्पकार १९३० च्या सुमारास (काहींच्या मते १९२९) संस्थेचे प्रमुख झाले आणि १९५७ पर्यंत त्या पदावर राहिले. या पदावरील ते पहिले भारतीय मानले जातात. मरीना किनाऱ्यावर १९५९ मध्ये उभारलेले त्यांचे ब्राँझचे श्रमविजय हे शिल्प (लोकांच्या बोलण्यात ‘उळैप्पाळर सिलै’, म्हणजे कामगारांचा पुतळा) चार मजुरांचे आहे. एक अवजड शिळा हलविण्यासाठी ते लाकडी वाशांची तरफ करून सर्व भार त्यांवर टाकीत असून, पाठीचे ताणलेले स्नायू व मातीत रुतलेली पावले यांतूनच त्या शिळेचे वजन पाहणाऱ्याला जाणवते. यासाठी महाविद्यालयाच्या आवारातीलच पहारेकरी व विद्यार्थी नमुना म्हणून उभे राहिले, असे सांगितले जाते. कामगार नेते म. सिंगारवेलर यांनी १९२३ मध्ये भारतातील पहिला मे दिन याच शहराच्या किनाऱ्यावर साजरा केला होता. त्यामुळे कामगार संघटनांनी हे शिल्प आपलेच मानले.

रायचौधुरींचे विद्यार्थी व उत्तराधिकारी के. सी. एस. पणिक्कर (१९११–७७) यांनी पाश्चात्त्य वास्तववादाऐवजी दक्षिणेतील देवळे व खेडी यांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वळविले. देवमूर्तीवर चढविल्या जाणाऱ्या धातूच्या पत्र्याच्या आवरणाला तमिळमध्ये ‘कवचम्’ म्हणतात. येथील शिल्पकार पी. व्ही. जानकीराम यांनी या आवरणापासून प्रेरणा घेऊन तांब्याचा पत्रा तांबटाप्रमाणे ठोकून आकार उठविले आणि त्यावर तारा व पट्ट्या झाळून समोरून पाहावयाचे शिल्प घडविले. पणिक्करांचे पुत्र एस. नंदगोपाल यांनी हीच दिशा पुढे नेली. मैलापूरचे एस. धनपाल (१९१९–२०००) यांनी ख्रिस्त व नास्तिक नेते पेरियार हे दोन्ही विषय सारख्याच आस्थेने हाताळले. शिक्षक व विद्यार्थी तमिळ, मलयाळी, तेलुगू, कन्नड अशा निरनिराळ्या भाषिक समाजांतून आलेले होते, आणि सर्वांच्या कामात दिसणारे समान गुण पुढे ‘मद्रास कलाचळवळ’ या नावाने ओळखले गेले. तिला एकसंध चळवळ म्हणावे की समकालीन कलावंतांचा समूह, याविषयी मतभेद आहेत.

पणिक्करांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये शहराच्या दक्षिणेस चोळमंडल हे कलाग्राम वसले. तेथील कलावंतांनी बाटिक (मेण लावून कापड रंगविण्याची पद्धत) इत्यादी हस्तकलांच्या विक्रीतून ते स्वतःच्या बळावर चालविले.